हनुक्काचे दान आणि घरातली तीन मते

ठाण्याहून एका वाचक भगिनींनी लिहिलेल्या पत्राचा सारांश असा: "आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी यहुदी. घरी मी, यजमान, सासूबाई आणि दोन मुले. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची. गेली काही वर्षे हनुक्का हा आमचा दिव्यांचा सण म्हणजे मुलांना आठ रात्री आठ भेटवस्तू, असा प्रकार आमच्याकडे सुरू झाला आहे. यंदा तो थांबवून समाजासाठी काही करावे असे ठरले, पण काय करावे यावर एकमत होत नाही. यजमानांना एखाद्या बालगृहात कार्यक्रम घ्यायचा आहे. फलक लावावा, फोटो काढावेत, म्हणजे आपला समाज लोकांना माहीत तरी होईल, असे ते म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, आधी आपल्या माणसांकडे पाहा. मुले इस्राएलला गेली आणि म्हातारे इथे एकटे राहिले. मला मात्र आमच्या इमारतीचा वॉचमन आणि घरकामाच्या बाई डोळ्यांसमोर दिसतात. ते आपल्या धर्माचे नाहीत म्हणून त्यांना वगळायचे का? आमच्याजवळ यासाठी दहा-बारा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम नाही. मार्ग सुचवावा."

आपले पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही, की आपल्या घरात मतभेद आहे तो दानाविषयी नसून दानाच्या क्रमाविषयी आहे, आणि क्रमाचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी बारकाईने हाताळलेला आहे. हनुक्काच्या दिवसांत नेहमीपेक्षा अधिक दान करावे, असे 'कित्झुर शुल्हान आरुख' या नित्याचाराच्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा भेटवस्तूंचा खर्च दानाकडे वळवण्यात आपण नवे खूळ काढले, अशी शंका कोणी घेतल्यास त्याला हे दाखवता येईल. शिवाय कोकणात राहिलेल्या आपल्या पूर्वजांना हा सण मुळात ठाऊकच नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले 'शनवार तेली' वर्षभर तेल गाळत असत, पण तेलाच्या या सणाची ओळख त्यांना पुढे बाहेरून आलेल्या धर्मबांधवांकडून झाली. त्यामुळे मलिदा या आपल्या आभाराच्या विधीला जशी घराघरांत ठरलेली रीत आहे, तशी हनुक्काच्या दानाला नाही. रीत घालून देण्याची संधी आपल्या पिढीला आहे, आणि ती विचारपूर्वक घालावी.

क्रमाची सुरुवात रंबाम (मैमोनिडीज) यांच्या एका नियमाने करावी असे मी सुचवीन. बाराव्या शतकातील हे थोर धर्मशास्त्री 'मिश्ने तोरा' या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात म्हणतात, की जो माणूस दानावर जगतो त्यानेसुद्धा उसने घेऊन किंवा अंगावरचे वस्त्र विकून तेल आणि दिवे घ्यावेत व हनुक्काचे दिवे लावावेत. वरवर पाहता हा नियम गरिबावर कठोर वाटतो. पण ज्याच्यावर असे वस्त्र विकण्याची पाळी यावी असा माणूस आपल्या वस्तीत असेल, तर त्याच्याआधी त्याच्या शेजाऱ्यांनी खाली मान घालावी, हा त्याचा अर्थ मला अधिक खरा वाटतो. म्हणून या सणातले पहिले दान म्हणजे आपल्या ओळखीतले एकही घर दिव्यावाचून राहू नये याची काळजी. इथे सासूबाईंचे म्हणणे सर्वांत आधी येते, आणि कोणाच्या घरी यंदा दिवा लागणार नाही हे त्यांच्याइतके अचूक दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचा संभव नाही. त्यांच्याकडून नावे काढून घ्यावीत; चार-पाच निघतील, त्याहून अधिक निघाल्यास आपल्या आवाक्यातली तेवढीच घ्यावीत.

परंतु या घरांना मेणबत्त्यांचे खोके आणि मिठाईचा डबा पोहोचवून परत फिरण्याला मी काम झाले असे म्हणणार नाही. ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे, त्यांच्या घरी मेणबत्त्या असतातही. नसते ते दिवे लावताना शेजारी उभे राहणारे माणूस. हात कापतो, काडी विझते, हनुक्कियाच्या (हनुक्काच्या दीपपात्राच्या) शेवटच्या टोकापर्यंत वाकता येत नाही, आणि पेटत्या दिव्यांजवळ एकटे बसण्याची भीती वाटते म्हणून कित्येकजण दिवा लावणेच सोडून देतात. तेव्हा फोन करून "आम्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे दिवे लावायला येऊ का?" असे विचारावे. या विचारण्यात ते यजमान होतात आणि आपण पाहुणे. जाताना स्टीलचे एक मोठे ताट बरोबर न्यावे, हनुक्किया त्यात ठेवावी म्हणजे मेण सांडले किंवा मेणबत्ती कलंडली तरी टेबलक्लॉथ पेटत नाही. शमाश, म्हणजे ज्याने बाकीचे दिवे लावतात तो दिवा, आजोबांच्या हाती द्यावा आणि त्यांच्या मनगटाला आपल्या थोरल्याने हलकेच आधार द्यावा. बेराखा, म्हणजे दिवे लावतानाच्या प्रार्थना, त्यांनीच म्हणाव्यात, त्यांच्या जुन्या चालीत, आणि मुलांनी त्या ऐकाव्यात. नंतर किमान अर्धा तास, म्हणजे दिवे शांत होईपर्यंत, तिथे बसावे. या दिव्यांच्या उजेडात कोणतेही काम करायचे नसते, ते केवळ पाहायचे असतात, हा नियम अशा भेटीसाठीच केला असावा इतका सोयीचा आहे, कारण कोणालाही उठण्याची घाई करता येत नाही.

यंदाच्या तिथीविषयी एक व्यावहारिक सूचना इथेच करतो. २०२६ मध्ये पहिला दिवा शुक्रवारी, ४ डिसेंबरला संध्याकाळी लागेल आणि आठवाही शुक्रवारीच, ११ डिसेंबरला. शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या) दिव्यांच्या आधी, सूर्यास्तापूर्वी लावावे लागतात, आणि तरीही अंधार पडल्यानंतर अर्धा तास ते जळत राहिले पाहिजेत. बाजारात चव्वेचाळीस बारीक मेणबत्त्यांचे जे तयार खोके मिळते, त्यातील मेणबत्ती साधारण अर्ध्या तासात संपते. म्हणजे या दोन्ही शुक्रवारी ती अपुरी पडणार. वृद्धांना सामान द्यायचे असेल तर त्या दोन रात्रींसाठी जाड मेणबत्त्या किंवा लहान काचेच्या वाट्या, वाती आणि तेल वेगळे बांधून द्यावे. खाण्याचे पदार्थ न्यायचे असल्यास शाकाहारी आणि दुधावाचून केलेले न्यावेत, नारळाच्या दुधाचे चालतील, मांस आणि दूध एकत्र करायचे नसल्याने कोणाच्या घरी मांसाचे जेवण झाले आहे याचा विचार मग करावा लागत नाही. तळणीचे पदार्थ सणाचे खरे, पण ऐंशीच्या माणसाला दोनच द्यावेत.

रंबाम याच प्रकरणात पुढे आणखी एक निर्णय देतात, जो आपल्या कामी येईल. एखाद्याजवळ एवढेच पैसे असतील की घरात उजेड देणारा शब्बाथचा दिवा तरी घ्यावा किंवा हनुक्काचा, तर घरातला दिवा आधी घ्यावा, कारण घरातली शांतता मोठी. आजच्या भाषेत सांगायचे तर ज्या आजींचे विजेचे बिल थकले आहे, त्यांना चांदीच्या मुलाम्याची हनुक्किया भेट देणे हा उफराटा कारभार होय. महावितरणचे बिल ग्राहक क्रमांक माहीत असल्यास कोणालाही भरता येते, आणि कोणी भरले हे बिलावर छापून येत नाही. सासूबाईंनी गप्पांच्या ओघात एखादे जुने बिल मागून घेतले तर पुढचे काम पाच मिनिटांचे आहे. (हाच निर्णय आपल्या घरालाही लागू आहे, दान कोणाला करावे यावरून तिघांत अबोला धरण्याइतके मोठे कारण यात नाही.)

असे गुप्त दान रंबामच्या प्रसिद्ध आठ पायऱ्यांत वरून दुसरे आहे: देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. आपल्या बाबतीत देणाऱ्याला माहीत असते, म्हणून काटेकोर बोलायचे तर ते तिसऱ्या पायरीवर येईल. सगळ्यांत खालच्या पायरीवर तो माणूस उभा आहे जो देतो, पण कपाळाला आठ्या घालून देतो. आठ रात्री आणि आठ पायऱ्या असा मेळ घालून रोज एक पायरी चढण्याचा उपक्रम काही ठिकाणी मुलांसाठी करतात. तो शाळेत शोभतो, घरात त्याचे अवडंबर होते. मला महत्त्वाची वाटते ती सर्वांत वरची पायरी, जिच्यावर दान हे दान उरतच नाही: समोरच्याला कर्ज द्यावे, धंद्यात भागीदार करून घ्यावे किंवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. आपल्या बारा हजारांतले निम्मे मी यासाठी वेगळे काढीन. समाजातील एखाद्या तरुणाची अभ्यासक्रमाची फी अडली असेल, एखाद्या बाईला शिवणयंत्र दुरुस्त करून घ्यायचे असेल, तर सहा हजार रुपये बिनव्याजी, ठरलेल्या मुदतीने द्यावेत. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये ही तोराची, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञाच आहे. व्यवहार आपल्या सिनेगॉगच्या विश्वस्तांपैकी एखाद्या जाणत्या माणसामार्फत करावा, दोन ओळींचा कागद करावा, आणि पैसे परत आले की ते पुढच्या गरजूला फिरवावेत. यजमानांचा कोणाशी कामधंद्याचा परिचय असेल तर एक शब्द टाकणे हे सहा हजारांपेक्षाही मोलाचे ठरेल.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपले आणि परके यांच्याविषयी तालमूद या आपल्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथात दोन वचने आहेत आणि लोक सोयीनुसार त्यांतले एकच सांगतात. एका ठिकाणी म्हटले आहे, की आपल्या घरचे गरीब आधी, मग आपल्या गावचे. दुसऱ्या ठिकाणी सांगितले आहे, की सलोख्यासाठी परधर्मीय गरिबांचे पोषण इस्राएलच्या गरिबांबरोबरच करावे, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करावी आणि त्यांच्या मृतांनाही मूठमाती द्यावी. दोन्ही एकत्र वाचली म्हणजे गणित सुटते: वॉचमन हा आपल्या गावचा आहे, किंबहुना आपल्या दारचा आहे. मुंबईत आपल्या लोकांनी हे पूर्वीच करून दाखवले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी जी शाळा निघाली, ती आज माझगावात सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाते, आणि आता तिच्यात शिकणारी बहुतेक मुले आपल्या समाजाची नाहीत. शाळा बंद करावी असे त्यामुळे कोणाला वाटले नाही. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी आयुष्यभर ज्या बाळंतपणांची काळजी वाहिली, त्यांतली आपल्या समाजातली किती असतील? पुण्याच्या ससूनमध्ये रांगेत उभा राहणारा माणूस तर हे बगदादी यहुदी घराण्याचे नाव आहे हे जाणतही नाही, आणि त्याने जाणण्याची गरजही नाही.

मात्र घरकामाच्या बाईंच्या बाबतीत मला थोडे परखड बोलावे लागेल. त्यांचा पगार वेळेवर होतो का, महिन्याला हक्काच्या सुट्या ठरल्या आहेत का, आजारपणात खाडे कापले जातात का, हे आधी तपासून पाहावे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, अशी तोराची आज्ञा आहे. तिच्यात दयेचा संबंध नाही, ते देणे आहे. देणे थकवून वर सणाची साडी देणे याला मी दान म्हणणार नाही. पगारवाढ राहून गेली असेल तर ती डिसेंबरपासून करावी आणि हनुक्काचे नावही काढू नये. ते सर्व नीट असेल, तर मुलांच्या शाळेची पुस्तके, वॉचमनला रात्रपाळीसाठी चांगली खुर्ची किंवा डोळे तपासून चष्मा, अशी त्यांना विचारून ठरवलेली एक एक वस्तू पुरेशी आहे. वॉचमनच्या खुर्चीचा विषय सोसायटीच्या सभेत मांडला तर ती सोसायटीच्या पैशातूनही येईल, आणि ते अधिक योग्य होईल.

यजमानांच्या बालगृहाच्या बेताला माझा विरोध आहे तो फलक आणि फोटोपुरता. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे, त्यामुळे त्या मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकणे सभ्यतेला तर धरून नाहीच, कायद्यालाही नाही. शिवाय डिसेंबरात नाताळ आणि नववर्षाच्या निमित्ताने अशा संस्थांत पाहुण्यांची आणि केकची रीघ लागते. जून महिन्यात वह्या, दप्तरे आणि रेनकोट लागतात तेव्हा कोणी फिरकत नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना हे पाहून घ्यावे, अधीक्षकांना भेटून काय कमी पडते ते विचारावे, आणि आज नुसता शब्द देऊन जूनमध्ये वस्तू पोहोचवाव्यात. वस्तूंवर आपले नाव लिहू नये.

पण आपला समाज लोकांना कळावा ही त्यांची इच्छा चुकीची नाही. हनुक्काचा दिवा खिडकीत किंवा दाराशी, रस्त्यावरून दिसेल असा ठेवण्याची प्रथा चमत्काराची वार्ता जगाला कळावी यासाठीच आहे. ज्याची प्रसिद्धी करायची तो दिवा, दाता नव्हे, एवढे लक्षात ठेवले की झाले. त्यासाठी रविवारी, ६ डिसेंबरला, तिसऱ्या दिव्याच्या वेळी सोसायटीतल्या शेजाऱ्यांना घरी बोलवावे. मुलांनी मक्काबी या यहुदी योद्ध्यांची गोष्ट मराठीत सांगावी: अंतियोखस राजाने यरुशलेमचे मंदिर कसे भ्रष्ट केले, इ. स. पूर्व १६४ च्या सुमारास ते पुन्हा कसे शुद्ध झाले, आणि एका दिवसाचे तेल आठ दिवस कसे पुरले. योगायोगाने तोच दिवस महापरिनिर्वाण दिनाचा आहे आणि चैत्यभूमीकडे जाणाऱ्या लाखो लोकांसाठी दादर परिसरात पाणी व जेवण वाटणाऱ्या संस्थांना त्या दिवशी हात कमी पडतात. यजमानांना कार्यक्रमाची हौस असेल, तर त्यांनी थोरल्याला घेऊन सकाळी तिथे चार तास पाण्याचे ग्लास भरावेत. बॅनरची आठवणही होणार नाही. त्याऐवजी अलिबाग, रेवदंडा किंवा पेणच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाण्याचा विचार असेल तर तोही उत्तम, कारण तिथे मिनयानचे, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना आता फार ओढाताण होते आणि बाहेरून आलेला एक माणूसही मोजला जातो. तिथल्या मंडळींना आठवडाभर आधी कळवावे. एकाच रविवारी दादर आणि कोकण दोन्ही साधण्याचा खटाटोप मात्र करू नये.

राहता राहिल्या मुलांच्या भेटवस्तू. त्या एकदम बंद करू नयेत, नाहीतर धाकटीच्या मनात दान आणि शिक्षा यांची गाठ बसेल. एक वस्तू दोघांना पहिल्या रात्री द्यावी. उरलेल्या रात्री दिवे लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हाताने एक नाणे दानपेटीत टाकावे. शुक्रवारी, ११ तारखेला, ते शब्बाथ लागण्याच्या आत टाकावे, आणि शनिवारी, ५ तारखेला, शब्बाथ संपल्यावर. नाणी मुलांच्या खाऊच्या पैशांतली असावीत, आपण त्याच क्षणी हातात दिलेली नसावीत. जो स्वतः दान घेतो त्यानेही दान करावे असा आपला नियम आहे, तो सात वर्षांच्या मुलीलाही लागू करायला हरकत नाही. सतराव्या शतकातील 'मागेन आव्राहाम' या ग्रंथात गरीब मुले हनुक्कामध्ये दारोदार जाऊन पैसे मागत असत अशी नोंद आहे; सणाला मुलांच्या हाती पैसे येण्याशी तिचा संबंध अनेकजण जोडतात, ती गोष्ट त्यांना जरूर सांगावी. पेटी गुरुवारी, १० डिसेंबरला, सातवा दिवा लावून झाल्यावर उघडावी आणि रक्कम कोणाला द्यायची हे त्या रात्री मुलांना ठरवू द्यावे. रक्कम दोनशे रुपये निघेल, आणि त्यांनी ती गल्लीतल्या कुत्र्यांच्या बिस्किटांसाठी द्यायची ठरवली तरी आपण तिघांनी त्यावर मत देऊ नये.

सासूबाईंकडून नावांची यादी मात्र नोव्हेंबर संपण्यापूर्वी घ्यावी, कारण जाड मेणबत्त्या आणि काचेच्या वाट्या आयत्या वेळी एका दुकानात मिळतीलच असे नाही, आणि ज्यांना लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भेटायचे आहे त्यांच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ ठेवू नये.